खंडेनवमीला बंद ठेवलेला टॅब

१७ सप्टेंबर, बुधवार

आजपासून ही वही टॅबसाठी. कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटी तपासणीत काढली. तिथे मशीन रुसलं की आधी वही उघडायची, मग पाना उचलायचा. घरात मात्र कोणाला त्याचं सोयरसुतक नाही. दिग्विजयला सांगितलं तर म्हणतो, "बाबा, रीस्टार्ट करा." चाकणला तीन शिफ्टांत फिरून पोराचीच रीस्टार्ट व्हायची वेळ आली आहे, त्याला काय बोलणार.

वस्तुस्थिती अशी. रुक्मिणीला दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू बरीचशी परत आली, वाचा आली नाही. समजतं सगळं, पण बोलायला गेली की एकच शब्द बाहेर पडतो, "बरं". आनंद झाला तरी बरं, पोटात दुखलं तरी बरं. मान हलवते तीही भरवशाची नाही, हो म्हणायचं असलं तरी आडवी हलते आणि मग स्वतःच वैतागते. स्पीच थेरपीच्या बाईंनी टॅबवर चित्रांची पाटी बसवून दिली. चौकोनावर बोट ठेवलं की चौकोन बोलतो. सुरुवातीला चाळीस चौकोन होते, आता चारशे बारा आहेत. फोटो आमच्या सुनेने, स्वरूपाने काढले, आवाजही तिचाच. म्हणजे माझी बायको दीड वर्ष सुनेच्या आवाजात बोलते आहे. झाली सवय.

महिनाभर टॅब नीट चालत नाही. अडकतो, तापतो, मधेच काळा पडतो, जागा संपली म्हणून सारखी सूचना देतो. शिवाय एकच शब्द पुन्हा पुन्हा वाजतो. हा दोष मला जास्त गंभीर वाटतो. उद्यापासून नोंदी ठेवतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सव्वाआठ. चहा ओतत होतो. टॅब: "थांबा." साखर नेहमीसारखी अर्धा चमचा घातली, पुन्हा "थांबा". कप हातात दिला तरी "थांबा". म्हणजे दाबणं आणि वाजणं यांत बराच उशीर होतोय.

दुपारी शेजारच्या सुमनताई आल्या. "कशा आहात वहिनी?" म्हणाल्या. मी सांगितलं, झोप लागते, पाय सुजतो, भूक मध्यम आहे. माझं बोलणं चालू असताना टॅब एकसारखा "मी सांगते, मी सांगते, मी सांगते". सुमनताई उगाच माझ्याकडे बघायला लागल्या. मी टॅबचा आवाज कमी केला.

संध्याकाळी गाऊन बदलताना "नको" नऊ वेळा. मोजले. निळा गाऊन मीच काढून ठेवला होता, त्यात न आवडण्यासारखं काही नाही. "नको"चा चौकोन डावीकडे वर आहे, तिथली काच बोटांनी झिजली आहे. टच चिकटत असणार.

२१ सप्टेंबर, रविवार

नवा दोष सापडला. दर रविवारी अकरा ते बारा बॅटरी भसाभस उतरते. या वेळेत मी निवृत्त कामगारांच्या बैठकीला जातो, घरी या दोघीच असतात. मी ९२ बघून गेलो, आलो तर ५८. स्वरूपाला विचारलं. म्हणाली, "आई गाणी ऐकत होत्या." गाण्यांनी एवढी उतरत नाही. रुक्मिणीचा चेहरा मात्र तरतरीत होता, डोळे थोडे लाल. जुनी गाणी ऐकली की होतं असं.

जागा कशाने भरली ते तपासलं. व्हिडिओच व्हिडिओ, पण ते उघडत नाहीत, स्वरूपाने कुलूप लावलं आहे. आणि पाटीत "दादा" नावाचं एक वेगळं पान सापडलं. एकतीस चौकोन. पत्र्याची शेड, पाण्याचा हंडा, हिचा स्वतःचा उजवा हात, कोणाची तरी स्कूटर, भिंतीवरचं घड्याळ, मी (तोही कपाळाला आठ्या घातलेला), मग "मीच", "नका", "शपथ". एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. चाचणी करताना राहून गेलेला कचरा असावा.

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ, सोपानराव. तळेगाव दाभाड्याला असतो. झटका त्याच्याच घरी आला. सकाळी नऊला आला आणि हॉस्पिटलात नेलं बारानंतर. तीन तास हा माणूस काय करत होता ते देवाला माहीत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर कदाचित वाचा राहिली असती. तेव्हापासून मी त्याचं तोंड बघितलेलं नाही. पहिले काही महिने त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. या घरात त्याचा विषय निघत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी हिने "भाऊबीज", "तळेगाव", "जायचं" हे तीन चौकोन ओळीने दाबले. मी म्हटलं, अगं दिवाळीला अजून महिना आहे, पाडव्याला तुला चांगली साडी आणू. पुन्हा तेच तीन. मी म्हटलं, बरं बरं, बघू. पुन्हा तेच. अकरा वेळा. शेवटी टॅब तापून काळा पडला आणि ही भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता हयगय करून चालणार नाही. धम्मरत्नला फोन केला. माझ्या हाताखाली ज्ञानदेव होता, त्याचा हा मुलगा. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. चाळिशीचा आहे, बापासारखाच सावकाश आणि सरळ.

३० सप्टेंबर, मंगळवार

धम्मरत्न दुपारी आला. मी वही पुढे केली, पण तो आधी रुक्मिणीच्या समोर स्टूल ओढून बसला.

"काकू, काय त्रास देतोय हा?"

मी सांगायला लागलो, तर त्याने हात वर केला आणि बसून राहिला. हिला वेळ लागतो. चांगली तीन-चार मिनिटं गेली. मग टॅब बोलला, "गरम", "बंद", "भीती".

"व्हय, कळलं," तो म्हणाला. मग टॅब उघडून खालवर बघितला. जागा संपली आहे, सॉफ्टवेअर अर्धवट अपडेट होऊन अडकलं आहे. सगळ्याचा बॅकअप घ्यायचा, टॅब कोरा करायचा, बॅकअप परत चढवायचा. आमच्याकडे मशीनचा प्रोग्रॅम उतरवून ठेवतात तसंच. मला पटलं.

मग त्याने माझ्या नोंदी वाचल्या. "थांबा"वाली वाचली, "मी सांगते"वाली वाचली, भाऊबीजेची दोनदा वाचली. वही मिटली.

"काका, हे टचचं नाही."

"मग कशाचं?"

त्याने रुक्मिणीकडे बघितलं. "आल्यावर निवांत बसू. आज रात्रीची गाडी आहे, आम्ही सगळे दीक्षाभूमीला चाललोय. शनिवारी सकाळी हजर होतो."

बॅकअप त्याने लावून दिला. इथलं वायफाय रडतं, त्यामुळे वेळ लागणार. त्याने बजावलं, "आज रात्र, उद्याचा पूर्ण दिवस चार्जिंगला राहू द्या. काकूंना वापरू दे, पण बंद करू नका. शब्दांची फाइल सगळ्यांत जड आहे, ती शेवटी चढते. आणि रीसेटला मी सोडून कोणी हात लावायचा नाही." एक लाल चिठ्ठी लिहून टॅबच्या पाठीला चिकटवली: रीसेट करू नये, धम्मरत्न. अशी लाल चिठ्ठी लावायला याच्या बापाला मीच शिकवलं होतं. बरं वाटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पहाटे उठून मापं घेण्याची हत्यारं काढली. व्हर्निअर, दोन मायक्रोमीटर, डायल गेज. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी माझी पूजा चुकलेली नाही. कंपनीत या दिवशी मेन स्विच खाली करायचो. मशीन पुसायचं, तेल द्यायचं, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. दसरा उजाडेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस त्याचा.

पाटावर सगळं मांडल्यावर मनात आलं, या घरात आता सगळ्यांत जास्त राबणारं हत्यार कुठलं? टॅबच की. हिचं हत्यार ते. मग त्याला वगळून कसं चालेल?

टॅब हिच्या मांडीवर होता. मी चार्जिंगची वायर काढली, बंद केला. हिने तो डाव्या हाताने छातीशी घट्ट धरला आणि "बरं, बरं" करायला लागली. पूजा स्वतःच्या हाताने करायची असेल. भाविक आहे पहिल्यापासून. मी म्हटलं, "अगं, तुझ्याच हाताने हळदकुंकू लावू." हळूच काढून घेतला. धम्मरत्नचं सांगणं लक्षात होतं, पण एक दिवस थांबलं तर पुढे तिथूनच चालू होईल असा माझा हिशेब. शिवाय सणाच्या दिवशी यंत्र चालू ठेवणं मनाला पटेना. स्वरूपाच्या कंपनीला सुट्टी नव्हती, ती सातलाच गेली होती.

व्हर्निअरच्या शेजारी टॅब ठेवला. पिवळा झेंडू फार शोभला. ही दिवसभर पाटासमोर खुर्ची टाकून बसली होती. उठायलाच तयार नव्हती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

साडेतीन मुहूर्तांतला एक. आज जे सुरू करावं त्याला पंचांग बघावं लागत नाही. धम्मरत्न येणार शनिवारी, आणि शनिवारी यंत्राला हात लावू नये ही आमच्या आईची शिकवण. दसरा हातचा घालवून शनिवार धरायचा, हे बुद्धीला पटेना.

सकाळी साडेदहाला टॅब पाटावरून उचलला, कुंकू पुसलं, चालू केला. सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं, शेवटचा बॅकअप, १ ऑक्टोबर, ७:४०. तारीख आहे, वेळ आहे. म्हणजे बॅकअप झालेला आहे. माझ्या हयातीत मी हजारो रिपोर्ट तपासले, तारीख आणि वेळ नसेल तर परत, असेल तर पास. खाली बारीक इंग्रजीत आणखी काहीतरी होतं, ते असतंच.

लाल चिठ्ठी काढताना रुक्मिणी जोरात "बरं! बरं! बरं!" म्हणाली. मी म्हटलं, बघ, तुझीही परवानगी मिळाली. स्वरूपा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, तिला आवाज गेला नसावा. मी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, टॅब कोरा झाला, बॅकअप चढायला लागला. पाऊण तास लागला. पाटीही आली.

दुपारी चार

पाटी आली, पण तिच्यात बत्तीसच चौकोन आहेत. पिझ्झा, बर्फ, कांगारू, स्कूल बस, हाय, थँक यू. एका गोऱ्या बाईचा आवाज.

रुक्मिणीने वीस मिनिटं शोधलं. बोट सरकवत राहिली, पानं मागेपुढे करत राहिली. मग टॅब पालथा करून बाजूला ठेवला. स्वरूपाने दोनदा उघडून बघितलं. मग आत गेली. पुऱ्या कोणी खाल्ल्या नाहीत.

सेटल व्हायला वेळ लागत असेल. उद्यापर्यंत येतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आले नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

धम्मरत्न स्टेशनवरून परस्पर इकडे आला, पिशवी खांद्यालाच होती. टॅबची पाठ बघितली. चिठ्ठी नव्हती. तो खाली बसला आणि टॅबला केबल जोडायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तासभर खटपट केली. मग त्याच्या फोनवर दुसऱ्या एका टॅबचा फोटो काढून मला तसलीच बारीक इंग्रजी ओळ दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. अपूर्ण. "काका, ७:४०ला तुम्ही बंद केला तेव्हा घरचे फोटो वर चढले होते, नंबर चढले होते. शब्दांची फाइल, चौकोनांच्या चित्रांसकट, अर्ध्यात होती. अर्धी फाइल म्हणजे शून्य."

"मग टॅबमधून काढ."

"टॅबमधलं तुम्ही पुसलं."

स्वरूपा दारात उभी होती. आठ वर्षांत या मुलीने मला उलट शब्द बोललेला नाही. आज बोलली.

"बाबा, गाणी नव्हती ती. दर रविवारी आई सोपानमामांशी व्हिडिओवर बोलायच्या. तुम्ही बैठकीला गेलात की. आणि ते दादाचं पान कचरा नव्हतं. दोन महिने बसून केलं त्यांनी. त्या बोट दाखवायच्या, मामा तिकडून फोटो पाठवायचे, मी चौकोन करायचे. झटका आला त्या सकाळी नेमकं काय झालं, ते त्यांना तुम्हाला सांगायचं होतं. भाऊबीजेला, मामांसमोर. क्रम त्यांनी स्वतः लावला होता."

"काय झालं होतं?"

"मला माहीत नाही. त्यांनी मला फक्त चौकोन करायला सांगितले. अर्थ विचारला की नको दाबायच्या. आधी तुम्हाला सांगणार होत्या."

व्हिडिओंचं विचारलं. ते त्याच बोलण्यांचे, पण कुलपातले होते, कुलपातलं बॅकअपमध्ये जात नाही म्हणे.

मला लाज वाटली. इतकी की धम्मरत्नला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं. रुक्मिणीसमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "बरं." आता याचा काय अर्थ घ्यायचा मी?

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागरी

दूध आटवलं. तिने घेतलं नाही. गोड जास्त झालं, की नकोच होतं, की माझ्या हातचं नको होतं? तिन्ही विचारून बघितलं, तिन्हीला बरं. मग ते दूध तसंच राहिलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

थेरपीच्या बाईंकडे गेलो. मनात होतं, त्यांच्याकडे कुठेतरी प्रत असेल. प्रत नाही. त्यांच्याकडे फक्त दर महिन्याचा आकड्यांचा कागद येतो, कुठला चौकोन किती वेळा दाबला. सप्टेंबरचा कागद मी मागून घेतला. आकडे मला वाचता येतात.

मी सांगते, ६१८. नको, ५४०. थांबा, ४७७. तळेगाव, २०३. चहा, १९. औषध, ११.

बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला बिघाड वाटले होते ना? तुमच्या सूनबाईंनी सांगितलं."

एकच माप सहाशे वेळा आलं तर मापाचं गेज चुकत नसतं, जॉब, म्हणजे मोजायचा नगच, तसा असतो. नवीन पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो. कागदाची घडी करून खिशात ठेवली. रिक्षात ही माझ्या शेजारी बसली होती. त्या सहाशे अठरा वेळांपैकी एकदाही मी गप्प बसलो नव्हतो, हे मला तिच्याकडे बघून सांगता आलं नाही.

बाई म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करा. झालेले शब्द परत येतील, पण वेळ लागेल. आणि यादी तुम्ही करू नका, त्यांना करू द्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

मी यादी केलीच. चहा, पाणी, औषध, गोळी, बाथरूम, पंखा, पाय दुखतो. सवय जात नाही. फोटो काढून चौकोन तयार केले, आवाज माझा दिला, म्हटलं स्वरूपाला किती त्रास द्यायचा. रुक्मिणीने पहिला चौकोन दाबला. टॅबमधून माझाच आवाज आला, "मला चहा पाहिजे."

तिने टॅब माझ्या हातात परत दिला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

धम्मरत्नने टॅब पुण्याला एका माहीतगाराकडे नेला होता. चार दिवस मी फोनकडे डोळे लावून बसलो. आज तो टॅब घेऊन आला. "काका, नाही निघत काही." त्याचाही आवाज पडला होता. याच्या बापाने माझ्या हाताखाली पंधरा वर्षं काढली, एक जॉब रिजेक्ट झाला तर मी त्याला तासभर उभं करून बोलायचो. हा पोरगा मला एक शब्द बोलला नाही.

जाताना मी विचारलं, "त्या दिवशी तू म्हणालास, टचचं नाही, आल्यावर बसू. काय सांगणार होतास?"

"तेच सांगणार होतो, काका. आता काय सांगू."

स्वरूपा रोज कामावरून आली की रुक्मिणीजवळ बसते. टॅब पुण्याला होता तोवर स्वतःच्या फोनवर करून एकोणीस चौकोन झाले. हो, नाही, सून, खिडकी असे काही. मला जवळ बसू देतात. मी काही बोलत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

सोपानरावांना फोन लावला. दोन वर्षांनी. तिकडून "हॅलो, कोन?" आलं आणि माझी जीभच उचलेना. शेवटी स्वरूपाने फोन घेतला आणि गुरुवारी आम्ही येतोय म्हणून सांगितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

तिने ओवाळलं मला. डाव्या हातात ताम्हण, स्वरूपाने खालून आधार दिला. कुंकू नीट कपाळावर लावलं. नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीवर. साडी आणली होती, ती घडी न मोडता तिथेच ठेवली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

तळेगावला दिग्विजयच्या गाडीने गेलो. त्याची सेकंड शिफ्ट होती, आम्हाला सोडून तो तसाच चाकणला गेला. सोपानराव फाटकात उभे होते. म्हातारे झालेत. "या दाजी," म्हणाले, जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. रुक्मिणीला धरून आत नेलं. तिने ओवाळलं त्यांना. ताम्हण खाली ठेवल्यावर दोघं एकमेकांचे हात धरून बसले आणि दोघंही रडले. मी खिडकीपाशी उभा होतो.

जेवणं झाल्यावर मी विचारलंच.

"सोपानराव, त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी ताटं गोळा करून बाजूला सारली. "रुकमी सांगनार व्हती तुमाला."

"तिच्याकडे आता शब्द नाहीत. मी पुसून टाकले." हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. "तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगा. जे सांगाल ते मी मानेन, दिग्विजयची शपथ."

"दाजी, पैल्या वर्षी मी पन्नास येळा फोन केला. तवा आयकलं असतं तर मीच सांगितलं असतं. मंग तिनं मला त्या टॅबवर सांगितलं, दादा, तू गप ऱ्हा, मी सांगते. मी व्हय म्हनलो. आता तिचं मी कसं सांगू? तिनं येकच गोष्ट मागितली हाय मला दोन वर्सांत."

"पण ती सांगू शकत नाही हो आता!"

"न्हाई सांगू शकत, हे दिसतंय मला." त्यांनी रुक्मिणीकडे बघितलं. "पर तिनं सोडलं का, हे कुठं म्हाईत हाय?"

ती ऐकत होती सगळं. उठली, माझी बाही धरली आणि मला मागच्या दारी घेऊन गेली. दारात खाली बोट दाखवलं. दगडी पायरी होती, एक कोपरा फुटलेला. स्वरूपाने टॅब दिला, मी फोटो काढला. आवाज स्वरूपाने भरला, "पायरी". चौकोन तयार झाला. रुक्मिणीने दाबून बघितला, "पायरी", आणि मान डोलावली.

ही पायरी आधीच्या पानात होती का, मला आठवेना. एकतीसच चौकोन होते. मी ते चांगली पाच मिनिटं बघितले होते, आणि कचरा समजून नीट वाचले नव्हते. मापं घेण्यात उभा जन्म गेला माझा.

पायरीवर बसली. मी शेजारी बसलो. अंगणभर नजर फिरवली तिने, डावा हात उचलला, मला वाटलं पुढचं दाखवते. हात तसाच अधांतरी राहिला. तिने सोपानरावांकडे वळून बघितलं, कपाळ आक्रसून, काहीतरी निसटलेलं आठवताना बघतो तसं. दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. त्याने तोंड फिरवलं आणि आत गेला. तिने हात मांडीवर ठेवला.

"आठवत नाही का?" मी विचारलं. टॅब तिच्या मांडीवरच होता, हो आणि नाही दोन्ही चौकोन समोर होते. तिने त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. पलीकडच्या घरातली म्हातारी, गोजाबाई, कुंपणापाशी आली. हिला ओळखून तिने हाक मारली, "अगं रुक्मिणी, कवा आलीस? कशी हायेस बाई?" मग उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं, सगळे बघतात तसं. माझं तोंड उघडलं होतं. पण तिच्या वतीने सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.